काझाची उणे बावीसची सकाळ: १५डब्ल्यू-४० ऑइल असलेल्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

गाडी माझ्या मावसभावाची, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. २०१७ ची, २.२ लिटर टर्बो डिझेल, बीएस-४, म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, रनिंग तेव्हा ९४ हजार. दादा निफाडचा, आणि निफाडची थंडी म्हणजे आमच्याकडे पेपरात फोटो येतो अशी, पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटतात. त्यामुळे थंडीत गाडी सुरू करायची आपल्याला सवय आहे असं दादाला मनापासून वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. जानेवारीच्या शेवटी आम्ही तिघं शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, टाबो करत काझाला, म्हणजे हिमाचलातल्या स्पितीला, निघालो. स्पिती हिवाळ्यात मनालीकडून बंद असतं पण किन्नौरकडून बर्फ साफ झाला की जाता येतं.

निघायच्या आधी नाशिकला गाडी दाखवली होती. ब्रेक, टायर, कूलंट सगळं बघितलं. ऑइल बदलून आठ हजार किलोमीटर झाले होते, १५डब्ल्यू-४०, ट्रकवाले टाकतात तेच, आणि मेकॅनिक म्हणाला दादा अजून दोन हजार आरामात चालतं, आल्यावर बदलू. पातळ ऑइल टाकू का असं मी विचारलं होतं तर उत्तर आलं की पातळ ऑइल डिझेलला चालत नाही, घाटात इंजिन खाऊन टाकतं. हे उत्तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मिळतं आणि ते वाईट हेतूने कोणी देत नाही, इथे १५डब्ल्यू-४० वर लाखो गाड्या वर्षानुवर्षं चालतायत. पण प्रश्न नाशिकचा नव्हता.

पहिली रात्र रेकाँग पिओ, सकाळी उणे तीन-चार असेल, गाडी नेहमीसारखी सुरू. दुसरी रात्र टाबो, सकाळी थर्मामीटरवर उणे १४, आणि इथे गाडी पहिल्यांदा जड फिरली, दुसऱ्या सेल्फला धरली, थोडा पांढरा धूर सोडला आणि चालायला लागली. आम्ही खूश, म्हटलं एवढ्या थंडीत पण घेतली. आज मागे वळून बघताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ती टाबोची सकाळ म्हणजे गाडीने स्पष्ट सांगितलं होतं की मी कडेला आलीये, आणि काझा टाबोपेक्षा आणखी चारेकशे मीटर वर आहे.

काझाला संध्याकाळी पाचला इंजिन बंद केलं, सकाळी सातला चावी फिरवली. चौदा तास. थर्मामीटर उणे २२. हीटर प्लगचा (सुरू करण्याआधी सिलिंडर आतून तापवतो तो) दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला, आणि जो आवाज आला तो डिझेलवाल्यांना वेगळा सांगायला नको, घर्र... घर्र... आणि मग नुसती टक. परत प्रयत्न केला तर डॅशबोर्डचे दिवे मंद झाले.

आता इथे काय करायचं नाही हे आधी सांगतो. सगळे करतात ते म्हणजे पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं. आम्ही चार वेळा मारला आणि बॅटरीत होतं नव्हतं ते घालवलं, आणि सेल्फची मोटर तापली ती वेगळीच. पाचव्याला मी दादाचा हात धरला.

मग बसून विचार केला की नक्की काय अडलंय. थंडीत डिझेल गाडी सुरू न होण्याची कारणं मोजकी असतात आणि आवाजावरून बरंच कळतं. सेल्फ झपाझप फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बघायचं डिझेल आणि हीटर प्लगकडे. सेल्फच रडत फिरतोय, तर बघायचं बॅटरी आणि ऑइलकडे. आमचा दुसरा प्रकार होता. होमस्टेच्या काकांनी मात्र बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला तो डिझेल कुठे भरलं हाच, आणि त्यांचा अनुभव मोठा, तिकडे सगळ्यात जास्त गाड्या त्यानेच अडतात. साध्या डिझेलमध्ये थंडीने मेण धरतं आणि ते फिल्टरमध्ये बसतं. आपल्या भारतीय मानकात हिवाळी डिझेलसाठीसुद्धा फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा ६ डिग्री आहे, उन्हाळी डिझेलला तर १८. प्रत्यक्षात माल त्याहून बरा येऊ शकतो पण कागदावर हमी एवढीच. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी वेगळं विंटर डिझेल काढलं जे उणे ३३ पर्यंत वाहतं. आम्ही शेवटचं डिझेल रामपूरला भरलेलं, म्हणजे संशय होताच. पण डिझेल गोठलं म्हणून सेल्फ हळू फिरत नाही. आधी इंजिन फिरायला तर पाहिजे.

बॅटरी चार वर्षांची. मल्टिमीटर लावला, नुसतं बघितलं तर १२.१, सेल्फ मारताना आठच्या खाली. लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उणे १८ च्या आसपास निम्म्यावर येते, चांगल्या बॅटरीची सुद्धा, आणि आमची आधीच अर्धी उतरलेली. काढली आणि घरात नेली, बुखारीपासून, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीपासून, लांब पण त्याच खोलीत. दोन तास ठेवली. मग परत लावून शेजारच्या पिकअपवरून जंपर केबल जोडल्या, त्याचं इंजिन चालू ठेवून.

आणि इथे प्रकरण खरं उलगडलं. आता वीज भरपूर होती, मीटरवर व्होल्टेज नीट टिकत होतं, तरी इंजिन रडतच फिरलं, आधीपेक्षा बरं पण अजून जड, घर्र-घर्र-घर्र. डिझेलला पेट घ्यायला साधारण दीडशे-दोनशे आरपीएम लागतात कारण ठिणगी नसते, हवा दाबून जी गरमी होते त्यावरच डिझेल पेटतं, आणि हळू दाबली तर ती गरमी थंडगार सिलिंडर खाऊन टाकतो. वर काझा जवळजवळ ३७०० मीटरवर, हवाच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. म्हणजे जिथे जास्त वेगाने फिरायला हवं तिथे इंजिन ऑइलमध्ये रुतून बसलेलं. दादाने डिपस्टिक काढली तर ऑइल थेंबासारखं पडत नव्हतं, काठीला चिकटून हळूहळू सरकत होतं, काकवी सरकते तसं.

काकांनी तोवर पत्र्याच्या घमेल्यात बुखारीतले निखारे आणले होते. म्हणाले, यहां सर्दी में गाड़ी को भी अंगीठी देनी पड़ती है. ज्वाळा नाही, फक्त निखारे, वर थोडी राख, आणि घमेलं ऑइल चेंबरच्या खाली. आमच्या निफाडला द्राक्षाला शेकोटी, इथे गाडीला. त्यांनी आधी झोपून कुठे ऑइल किंवा डिझेल गळतंय का ते बघितलं, खालचं प्लास्टिक कव्हर काढायला लावलं, आणि पूर्ण वेळ शेजारी बसून राहिले. हे वाचून कोणी घरी करून बघू नका, त्या माणसाने आयुष्यभर केलंय आणि तरी तो घमेल्यापासून हलला नाही. वरून बॉनेटवर गोधडी टाकली. पाऊण तासाने सेल्फ मारला, फरक कानाला लगेच कळला, चौथ्या-पाचव्या फेरीला इंजिनाने धरलं.

पण ऑइल प्रेशरचा दिवा विझेना. एरवी दोन-तीन सेकंदात जातो. मी मनात मोजत होतो, दहापर्यंत आलो आणि हात चावीकडे गेला तेव्हा तो विझला. ते दहा सेकंद टर्बोचे बेअरिंग, कॅम, सगळं कोरडं फिरलं असं समजायचं. नंतर वीसेक मिनिटं इंजिन अडीच हजारच्या वर जायला नाराज होतं, म्हणजे डिझेल फिल्टरमध्ये पण मेण थोडंफार होतंच. काकांचा संशय अगदी चुकीचा नव्हता, फक्त तो दुसऱ्या नंबरचा गुन्हेगार होता.

उरलेल्या दोन रात्री आम्ही बॅटरी घरात, बॉनेटवर गोधडी, गाडीचं तोंड सकाळचं ऊन येईल तिकडे, आणि सुरू करायची दहाच्या नंतर असं करून काढल्या. ऑइल तिथे बदलता आलं नाही, काझात मिळालं ते पण १५डब्ल्यू-४०च. बॅटरी उचलून आत नेता येते, डिझेल दुसरं भरता येतं, हीटर प्लग पुन्हा तापवता येतो, पण चेंबरमध्ये जे ऑइल घेऊन तुम्ही वर चढलात तेच घेऊन तुम्हाला उतरायचं असतं. म्हणून हा निर्णय घरीच करून निघायला पाहिजे.

परत आल्यावर मी हा विषय धरून बसलो. डब्यावरचा आकडा आपण सगळे वाचतो पण त्याचा अर्थ बहुतेकांना उलटा माहीत असतो, मलाही अर्धाच माहीत होता. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल किती पातळ आहे ते थेट सांगत नाही, तो सांगतो की किती थंडीपर्यंत हे ऑइल दोन परीक्षा पास होतं. एक परीक्षा सेल्फची: त्या तापमानाला इंजिन फिरवताना ऑइल किती अडवतं. दुसरी पंपाची: चेंबरमधून ते वर ओढलं जाईल का. १५डब्ल्यूची सेल्फची परीक्षा उणे २० ला होते, मर्यादा ७००० सेंटिपॉइज (जाडीचं माप, आकडा जास्त तर ऑइल जाड), पंपाची उणे २५ ला. ५डब्ल्यूची अनुक्रमे उणे ३० (६६००) आणि उणे ३५ ला, ०डब्ल्यूची आणखी पाच डिग्री खाली. २०डब्ल्यूची मात्र उणे १५ लाच, आणि मर्यादाही सैल, ९५००. पंपाची मर्यादा सगळ्यांना सारखीच, ६०,०००.

आता काझाची सकाळ यावर ठेवून बघा. उणे २२. म्हणजे १५डब्ल्यू सेल्फच्या परीक्षेच्या खाली गेलेलं. आणि ती परीक्षा नव्याकोऱ्या ऑइलची, आमचं आठ हजार किलोमीटर चाललेलं, काजळी खाल्लेलं, आणि डिझेलची काजळी ऑइल जाड करते. एवढ्या थंडीत दर पाच डिग्रीला ऑइलची जाडी ढोबळमानाने दुप्पट होते, हे धरलं तर मर्यादेवरचं ५डब्ल्यू उणे २० ला साधारण सोळा-सतराशेवर असेल, जिथे १५डब्ल्यू सात हजारावर आहे. चौपट फरक. बॅटरी निम्मी झालेली असताना. आणि टाबोची उणे १४ ची सकाळ आपोआप समजते, तिथे १५डब्ल्यू अजून पासिंगमध्ये होतं, म्हणून जड फिरून का होईना घेतली.

निफाडच्या पाच डिग्रीला १५डब्ल्यूच्या हातात पंचवीस डिग्रीचा गाळा आहे. म्हणून नाशिकचा मेकॅनिक नाशिकसाठी बरोबर होता.

दादाला हे आकडे पटत नव्हते, डोळ्यांनी दाखव म्हणाला. मग दोन छोट्या बाटल्या, एकीत १५डब्ल्यू-४० एकीत ५डब्ल्यू-४०, वहिनींच्या परवानगीने फ्रीजरमध्ये रात्रभर, उणे १८. सकाळी दोन्ही एकदम आडव्या केल्या. ५डब्ल्यू सुस्त पण वाहिलं, १५डब्ल्यू बाटलीच्या तळाशी विचार करत बसलं. दादाचा चेहरा बघून मला समाधान झालं, पण मी त्याला हेही सांगितलं की ही चाचणी पुरेशी नाही. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत साउथ डकोटातल्या सू फॉल्सला नेमकं हेच झालं होतं, त्या वेळच्या चाचण्यांत पास झालेली ऑइलं वापरून इंजिनं खराब झाली, कारण चाचणीत ऑइल पटकन थंड करायचे आणि तिथे थंडी हळूहळू, दीर्घकाळ मुरली. घरी तूप कढवणाऱ्यांना हे लगेच कळेल, तूप हळू थंड होऊ दिलं की छान रवाळ होतं, फ्रीजमध्ये टाकलं तर नुसता गोळा. ऑइलमधल्या मेणाचं तसंच, हळू थंड झालं की त्याचं जाळं तयार होतं, चेंबरमध्ये ऑइल दह्यासारखं थिजतं, पंप मध्ये खड्डा पाडतो आणि नुसती हवा ओढतो. त्यानंतर पंपाच्या परीक्षेत ऑइल दीड-दोन दिवस सावकाश थंड करायला लागले. म्हणून फ्रीजरच्या बाटलीपेक्षा डब्यावरच्या ग्रेडवर विश्वास ठेवायचा. आणि डब्यावर पोअर पॉइंट उणे अमुक लिहिलेलं असतं त्यावर भाळायचं नाही, ऑइल नुसतं हलतं एवढंच तो सांगतो, सेल्फला ते फिरवता येईल असं नाही.

मग निवड. यावर आमचा बराच वाद झाला, आणि मला वाटतं प्रकरणातला हाच भाग गाडीमालकांच्या कामाचा आहे. दादाला आता ०डब्ल्यू पाहिजे होतं, एकदा चटका बसला की माणूस टोकाला जातो. मी म्हटलं आपण जातो वर्षातून एकदा, सगळ्यात वाईट सकाळ धरू उणे २५, तिच्या खाली पाच डिग्री ठेवू, म्हणजे उणे ३०, तिथे ५डब्ल्यू बसतं. माझा मामेभाऊ कॅनडात एडमंटनला असतो, तिथे उणे ३० च्या सकाळी येतात, तो ०डब्ल्यू वापरतो आणि वर बंपरमधून वायर काढून रात्री ब्लॉक हीटर प्लगला लावतो, त्याची गरज वेगळी आहे. आपल्याला मिळायला सोपं आणि मॅन्युअलमध्ये असलेलं ते घ्यावं. मॅन्युअल उघडलं, आणि वाईट याचं वाटलं की त्यात तापमानाचा तक्ता पहिल्यापासून होता, १५डब्ल्यूची पट्टी उणे १५ ला संपत होती आणि ५डब्ल्यू-४० ची उणे ३० पर्यंत जात होती. सात वर्षं ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं.

दुसरा आकडा ४० तसाच ठेवला. हा आकडा गरम इंजिनाचा, १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (हेही जाडीचंच माप), मग पुढे ५डब्ल्यू असो की १५डब्ल्यू. इथेच तो घाटात इंजिन खाण्याचा गैरसमज सुटतो. ५डब्ल्यू-४० थंडीत पातळ आणि उन्हात आणखी पातळ असं नाही, दोन्ही ऑइलं कसाऱ्यात गाडी तापल्यावर जवळपास सारखीच, फरक सकाळचा. बारीक फरक आहे तो सांगतो, जास्त ताण आणि १५० डिग्रीच्या चाचणीत १५डब्ल्यू-४० ची जाडी किमान ३.७ सेंटिपॉइज लागते आणि ५डब्ल्यू-४० ची ३.५. आमच्या इंजिनाला मॅन्युअलने ३.५ वाला वर्ग, एसीईए (युरोपातलं ऑइलचं मानक) ए३/बी४, मागितला होता म्हणून तो फरक आड आला नाही. पण कोणी ५डब्ल्यू-३० घेत असेल तर हे नक्की बघावं, काही ५डब्ल्यू-३० फक्त २.९ चे असतात, आणि लोडमध्ये घाट चढणाऱ्या जुन्या डिझेलमध्ये कंपनीने सांगितल्याशिवाय मी ते टाकणार नाही. ज्यांच्या गाडीला डीपीएफ आहे, म्हणजे बहुतेक बीएस-६ डिझेल, त्यांना ए३/बी४ चालणार नाही, त्यांना कमी राखेचं, बहुधा एसीईएचंच सी३ किंवा मॅन्युअलमध्ये जे असेल ते, नाहीतर थंडीचा प्रश्न सुटेल आणि फिल्टर तुंबेल. बुलेटवाल्यांनी तर कारचं ऑइल बघूच नये, त्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, डब्यावर जासो एमए२ (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं पाहिजे.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परत गेलो. निघायच्या आठवडाभर आधी नवं ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, नवा ऑइल फिल्टर, नवा डिझेल फिल्टर, आणि बॅटरीही नवी, कारण चार वर्षांच्या बॅटरीवर परत जुगार खेळायचा नव्हता. त्यामुळे फरक एकट्या ऑइलने पडला असं मी म्हणणार नाही. पण आदल्या वर्षी गरम बॅटरी आणि वर चालू पिकअपची जोड असूनही इंजिन जे रडलं होतं, ते आठवलं की ऑइलचा वाटा किती ते मला पुरेसं कळतं.

काझाला त्याच काकांकडे उतरलो. सकाळी साडेसात, उणे १९. बॅटरी मुद्दाम गाडीतच ठेवली, गोधडी टाकली नाही, काका घमेलं घेऊन दारात उभे. हीटर प्लग दोनदा तापवला, सेल्फ मारला, पहिली एक-दोन सेकंद आवाज जड आणि मग धरली. मी दिव्याकडेच बघत होतो, तीन सेकंदात गेला. लगेच ॲक्सिलरेटर दिला नाही, दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवली आणि मग हळूहळू निघालो, कारण उभ्या उभ्या तासभर आयडल ठेवलं की थंड इंजिनात न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि चांगलं ऑइल खराब करतं.

तेच ऑइल मग एप्रिल-मेमध्ये नाशिकला चाललं. मेकॅनिकला भीती होती तशी बाहेर चाळीस डिग्री असताना कसारा चढलो, वर थांबून गरम इंजिन आयडलला ठेवून बघितलं, प्रेशरचा दिवा एकदाही लागला नाही. सात हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिकवर पाव लिटरच्या आसपास उतरलं, जुनं ऑइलही साधारण तेवढंच उतरायचं. आठ हजारला बदललं, आणि या वेळी मेकॅनिकने स्वतःच मॅन्युअल मागून घेतलं आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवला.